डबल ट्रॉलीचं वळण

“साहेब, तुमच्या सर्कलला ॲक्सिडेंट झालाय. लगीच या.”

फोनवर ट्रॅफिकचे हवालदार मगदूम होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी नुकताच ऑफिसात येऊन बसलो होतो. चहाचा कप तसाच ठेवला, स्कूटर काढली आणि निघालो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मगदूम ‘नाक्यावर’ म्हणाले नव्हते. ‘तुमच्या सर्कलला’ म्हणाले होते.

ते बरोबरच होतं. मी रस्त्यांच्या एका सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो, आणि कोल्हापूरच्या बाहेर, कळंब्याच्या अंगाला, तीन रस्ते एकत्र येतात तिथला तो गोल मी स्वतः कागदावर काढला होता. नाक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले दुकानदार अजून आहेत आणि त्यातले दोघे अजून माझ्यावर रागावून आहेत. गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या शेवटाची आहे.

सर्कल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ते आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. चौकाच्या मधोमध एक गोल बेट असतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून ते बेट आपल्या उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा. घड्याळाचे काटे फिरतात तसा. उजवीकडं जायचं असलं तरी आधी डावी बाजू धरून, बेटाला फेरी मारूनच जायचं. त्यामुळं समोरासमोर कुणी येत नाही आणि वेग आपोआप कमी होतो. एवढंच आहे. पण उजवीकडं जाणाऱ्याला वाटतं, समोर रस्ता दिसतोय, मग एवढा फेरा कशाला? तो बेटाच्या अलीकडूनच सुळकन कापतो. नियमानं येणाऱ्याच्या बरोबर तोंडावर.

आमचं सर्कल सुरू होऊन तीन महिने झाले होते, आणि रोज निम्मा नाका असाच उलट्या बाजूनं जात होता. मोटरसायकली, सीटवर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा, दूधवाले. गळीत हंगाम सुरू झाल्यावर त्यात उसाचे ट्रॅक्टर आले. साखर कारखान्याचा रस्ता तिथून उजवीकडं तिरका फुटायचा. मी पाट्या लावल्या. रस्त्यावर पांढरे बाण रंगवून घेतले. मगदूम उन्हात उभं राहून शिट्ट्या मारून दमले. माझं निदान ठरलेलं होतं. लोकांना शिस्त नाही.

मी पोचलो तेव्हा नाक्यावर दोनेकशे माणसं जमली होती. मधे उसानं भरलेला ट्रॅक्टर उभा होता. आमच्याकडं ट्रॅक्टरला एकामागं एक अशा दोन ट्रॉल्या लावतात, त्याला डबल ट्रॉली म्हणतात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाखाली एक लुना आडवी पडली होती. तिची डबा ठेवायची पिशवी रस्त्यावर होती, आणि डब्यातली भाकरी बाहेर आली होती.

“लुनावरच्या बाई राजारामपुरीतल्या दवाखान्यात सिस्टर हाईत,” मगदूम म्हणाले. “नियमानं वळसा घेत हुत्या. ह्यो उलटा आला. बाईंनी ब्रेक मारला. रस्त्यावर उसाचं पाचट पडल्यालं, गाडी घसरली आनि पाय चाकात गेला. मोडलाय.”

“ड्रायव्हर पळाला?”

“न्हाय की! त्योच बाईस्नी घिऊन दवाखान्यात गेलाय.” हे सांगताना मगदूमांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. “मानसं धावली मारायला. दोन-चार बसल्या बी. तर ह्यो म्हनतोय, ‘आधी बाईस्नी दवाखान्यात न्हिऊया, मग मारा मला. मी कुठं जात न्हाय.’ जीप थांबवली, सोता बाईस्नी उचलून आत ठेवलं.”

मी मनात म्हटलं, माणूस भला दिसतो. पण उलटा आला ना? आला.

पोलिसांनी आमच्या खात्याकडं रिपोर्ट मागितला. रस्त्यात काही दोष आहे का, एवढाच प्रश्न होता. माझे वरिष्ठ निंबाळकर साहेब. करड्या मिशांचे, आवाज खणखणीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“काय हो कुंभार, सर्कल स्टँडर्डप्रमाणं हाय न्हवं?”

“आहे साहेब. पुस्तकातली सगळी मापं पाळलीत.”

“मग चार ओळींचा रिपोर्ट करा. ड्रायव्हर राँग साइडनं आला, रस्त्यात दोष नाही. देऊन टाका.”

चार ओळी लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण त्याआधी मी दवाखान्यात जाऊन आलो. माणुसकी म्हणून गेलो, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं होतं. सिस्टरनी जबाबात ‘सर्कलमुळं झालं’ असं काही सांगितलं नाही ना, तेवढं मला बघायचं होतं.

सुमन कांबळे सिस्टर जिथं नोकरी करत होत्या तिथंच ॲडमिट होत्या. वय पन्नाशीचं. पाय प्लास्टरमध्ये. पडल्या पडल्या शेजारच्या पेशंटचं सलाइन नीट लावलं नाही म्हणून एका नवख्या नर्सला झापत होत्या.

“पाय कसा आहे?” मी विचारलं.

“मोडलाय. जुळेल. तुम्ही रस्त्याचे इंजिनिअर ना? बसा.”

“तुम्ही बरोबर बाजूनं होतात, सिस्टर. केस तुमच्या बाजूची आहे. काळजी करू नका.”

“केस राहू दे. तो माणूस रोज येतोय. बाहेर बाकावर बसतो, आत यायला लाजतो. तीस वर्षं झाली मला दवाखान्यात. धडक देणारा माणूस स्वतः स्ट्रेचर धरून आत आलेला मी पहिल्यांदा बघितला. मी विचारलं त्याला, उलटा का आलास रे बाबा? म्हणाला, ‘नियमानं गेलो तर मागची ट्रॉली पलटी हुतीया.’ खरं आहे का ते?”

“सबब असते त्यांची.”

“असेल. पण नियमानं जाता येतं का त्याला तिथून?”

“येतं की. डिझाइनच तसं केलंय.”

“तुम्ही बघितलंय? डबल ट्रॉली नियमानं गेलेली?”

तीन महिन्यांत मी त्या नाक्यावर कितीतरी वेळा गेलो होतो. उलट जाणाऱ्या डबल ट्रॉल्या पाहिल्या होत्या, त्यांच्यावर चिडलो होतो. पण पूर्ण वळसा घालून गेलेली एकही मला आठवेना.

“मी दिलेली गोळी लागू पडली नाही,” सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “तर पेशंट बेशिस्त आहे असं मी आधी म्हणत नाही. आधी गोळी बघते.”

बाहेर बाकावर तो बसला होता. भूपाल चौगुले. शिरोळकडचा. तिकडं वयानं मोठ्या माणसाला अण्णा म्हणतात, म्हणून सगळे त्याला भूपालअण्णा म्हणायचे. पंचेचाळिशीचा, हाडकुळा, डोक्यावर पांढरी टोपी. गालावर मार बसल्याची काळसर खूण अजून होती. जामिनावर सुटला होता, लायसन्स पोलिसांकडं जमा होतं. वीस वर्षं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता.

मला पाहून उभा राहिला. “तुमीच का त्यो गोल काढल्यालं सायेब?”

“हो. उलटे का आलात?”

“चुकलं, सायेब. त्येच्यात दुसरं कायबी न्हाय.”

“सिस्टर म्हणाल्या, ट्रॉली पलटी होते म्हणून.”

तो हातानं दाखवू लागला. एक मूठ ट्रॅक्टर, दुसरी मूठ ट्रॉली. “वळसा घ्याय गेलं की ट्रॅक्टर जातोय. पयली ट्रॉलीबी कशीतरी जातीया. दुसरी न्हाय जात. ती आत वडतीया. तिचं चाक गोलावर चढतंय. भरल्याली ट्रॉली, एक चाक वर, एक खाली. कलंडली तर शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाईल. म्हनून समदी उजव्या अंगानं जात्यात. हळू जातोय आमी. पर त्या दिशी बाई आल्या.”

“हे आधी कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. हवालदारास्नी सांगितलं. त्ये म्हनले, तुमच्या हापिसात सांगा. हापिसात गेलतो. शिपाई म्हनला, अर्ज घिऊन या.” त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस पडला, असं सांगावं तसं सांगितलं.

आणि मला काठाचे दगड आठवले. सर्कलच्या एकाच बाजूचे काठाचे दगड हंगाम सुरू झाल्यापासून दोनदा फुटले होते. दोन्ही वेळा मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावून झापलं होतं, काम कच्चं केलंस म्हणून. दोन्ही वेळा त्यानं मुकाट्यानं नवे बसवून दिले. ते दगड का फुटतात, आणि तिथंच का फुटतात, हे मी त्याला विचारलं नाही. स्वतःलाही नाही.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, डिझाइन व्हेइकल. रस्ता ज्या गाडीसाठी मापायचा ती गाडी. पुस्तकात त्यांचं कोष्टक असतं. मी त्यातली बस घेतली होती, कारण बस सगळ्यात लांब. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर त्या कोष्टकात नव्हता. म्हणून माझ्याही डोक्यात आला नाही. शिवाय नकाशात रस्ता कागदावरच्या रुंदीचा होता. प्रत्यक्षात दुकानांच्या पायऱ्या आणि टपऱ्या मीटरभर पुढं आल्या होत्या.

मी कॅल्क्युलेशनबद्दल काहीतरी बोलू लागलो. भूपालअण्णानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कागदावर तुमी सांगशीला, तोंडानं म्या सांगीन. माळावर बघू की.”

रविवारी सकाळी आम्ही कळंब्याच्या पुढं एका मोकळ्या माळावर जमलो. मगदूम सुट्टी असून आले. ट्रॅक्टरच्या मालकाला भूपालअण्णानं कसंबसं तयार केलं होतं. मालक स्वतः ट्रॅक्टर चालवत घेऊन आला, कारण भूपालअण्णा रस्त्यावर स्टिअरिंगला बसायला तयार नव्हता.

“लायसन पोलिसात हाय. रस्त्यावर न्हाय बसायचा मी. माळावर बसतो.” तो मालकाच्या गावापासून आठ मैल त्याच्या शेजारी मडगार्डवर बसून आला होता.

मी खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की घेऊन माझं सर्कल जमिनीवर काढलं. अगदी खऱ्या मापाचं. बाहेरचा काठही काढला, दुकानांच्या पायऱ्यांच्या जागी दगड ठेवले. भूपालअण्णानं एकदा सगळं पायी फिरून बघितलं. एक दगड वीतभर आत सरकवला. “पानपट्टीवाला हितंपतूर आलाय,” म्हणाला. मी नंतर जाऊन मोजलं. तो बरोबर होता.

मग तो ट्रॅक्टरवर बसला. मी तोपर्यंत शेकडो ड्रायव्हर पाहिले होते, पण असं चालवणं पाहिलं नव्हतं. अर्धं अंग मागं वळवलेलं, एक डोळा पुढच्या चाकावर, एक मागच्या ट्रॉलीवर. पुढचं डावं चाक बाहेरच्या रेघेला चिकटून, पण रेघेवर नाही. कुठं घाई नाही, कुठं झटका नाही. ट्रॅक्टर फिरला. पहिली ट्रॉली त्याच्या थोडी आतून फिरली. दुसरी तिच्याही आतून. आणि दुसरीचं उजवं चाक माझी पांढरी रेघ पुसत सरळ सर्कलच्या आत गेलं.

मी जाऊन पावलं टाकली. माझी दोन पावलं आत. खऱ्या नाक्यावर तिथं वीतभर उंचीचा दगडी काठ होता.

“पुन्हा एकदा,” मी म्हटलं. तो पुन्हा गेला. मागच्या चाकाची खूण पहिल्या खुणेवर पडली. दोन्हींत चार बोटांचं अंतर नव्हतं. तिसऱ्यांदाही तसंच. चाचणी घेताना आम्हाला असा माणूस हवा असतो, जो तेच तेच, तितकंच अचूक करून दाखवेल. लॅबमध्येसुद्धा असा मिळत नाही.

“परत मूळ जागेला घ्या,” मी म्हटलं, आणि लगेच लक्षात आलं, आपण काय मागितलंय ते. ट्रॉली लावून मागं यायचं तर स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं. दोन ट्रॉल्या असल्या की उलट्याचं पुन्हा उलट. बहुतेक ड्रायव्हर मागची ट्रॉली सोडवून हातानं ढकलतात.

“मला तर जमत न्हाय बाबा,” मालकच म्हणाला.

भूपालअण्णानं टोपी काढून मांडीखाली ठेवली. मग स्टिअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, पुन्हा डावीकडं. दोन्ही ट्रॉल्या एका रेषेत, आपल्याच चाकोरीतून मागं येत गेल्या आणि फक्कीच्या दोन रेघांच्या मधोमध थांबल्या. मगदूमांनी शिट्टी तोंडात घातली होती, ती वाजवायची विसरले.

दुपारपर्यंत आम्ही सर्कल पायानं पुसून चार वेळा नवं काढलं. प्रत्येक वेळी लहान. मी अगदी छोटं काढलं तेव्हा भूपालअण्णा उतरला आणि मान हलवली.

“आमची ट्रॉली जाईल ह्येच्यातनं. पर लई ल्हान केलं की मोटरसायकलवाली वळसाच घेत न्हाईत. सरळ तानत्यात. त्यापरीस असं करा. मदला गोल ल्हान ठेवा. आनि भवतीनं बुटका दगडी पट्टा करा, उतरता. आमचं मागचं चाक चढलं तर चढलं, कलंडाय नको. आनि मोटरवाल्याला वाटाय नको त्येच्यावनं जावं.”

“आणि उलट जाणाऱ्यांचं काय?”

“रस्ता फुटतोय तितं मधी कायतरी आडवं घाला. पाटी वाचून कोन वळत न्हाय, सायेब. दगुड बघून वळतोय.”

पुढं कितीतरी वर्षांनी एका परदेशी पुस्तकात मी तो उतरता दगडी पट्टा चित्रासकट पाहिला. त्याला तिथं ॲप्रन म्हणतात. रस्त्याच्या तोंडाशी आडवं घालायच्या बेटालाही मोठं नाव आहे. भूपालअण्णा सातवीपर्यंत शिकला होता.

सोमवारी मी रिपोर्ट लिहिला. चार ओळींचा झाला नाही, चार पानांचा झाला. ड्रायव्हर उलट्या बाजूनं आला हे लिहिलं. डबल ट्रॉलीला योग्य बाजूनं सुरक्षित वळता येत नाही, हेही लिहिलं. सोबत माळावरच्या खुणांचा नकाशा जोडला. शेवटी लिहिलं, डिझाइनमध्ये त्रुटी आहे. खाली माझी सही.

निंबाळकर साहेबांनी वाचला आणि टेबलावर ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता. मी समोरून गेलो की ते फायलीत बघायचे. मला झोप लागेना. नोकरीची बारा वर्षं झाली होती, प्रमोशन तोंडावर होतं, आणि मी स्वतःच्याच हातानं स्वतःविरुद्ध कागद दिला होता. एकदा वाटलंही, परत मागून घ्यावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं.

“कुंभार, हे कुणाला दाखवून लिहिलंत?”

“कुणालाच नाही साहेब.”

“हे गेलं की मेमो येणार. कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

“मग हे वाक्य बदला.” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ‘त्रुटी’ काढायला सांगणार. “‘डिझाइनमध्ये’ न्हाय. ‘खात्यानं मंजूर केलेल्या डिझाइनमध्ये’ असं लिवा. नकाशावर माझीबी सही हाय. एकट्यानं कशाला मरताय?”

मेमो दोघांनाही आला. माझं प्रमोशन वर्षभर लांबलं. साहेबांनी त्याबद्दल माझ्याकडं पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

रिपोर्ट कोर्टात गेला तेव्हा भूपालअण्णाच्या वकिलाला आनंद झाला. त्याचं म्हणणं, आता केस लढवू, निर्दोष सुटशील. भूपालअण्णा नको म्हणाला. मी त्या दिवशी कोर्टात होतो. सिस्टर कुबड्या घेऊन आल्या होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

“व्हय, कबूल हाय.”

“रस्त्याच्या डिझाइनमध्ये दोष होता, असा रिपोर्ट आहे. तुम्हाला त्याबद्दल काही सांगायचं आहे?”

“गोल चुकला आसंल, सायेब. त्ये त्येनी लिवलंय. पर उलट्या अंगानं जायाचंच हुतं, तर फुडं मानूस चालत पाठवायचा हुता. गाड्या थांबवायच्या हुत्या. त्यो म्या पाठवला न्हाय. बाईंचा पाय माझ्यामुळं मोडला.”

वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी खाली बघून लिहिलं. दंड झाला आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी स्थगित झालं. रिपोर्ट नसता तर याहून बरंच जड गेलं असतं, असं वकील नंतर मला म्हणाला. पण तीन महिने म्हणजे राहिलेला सगळा हंगाम. वर्षभराची कमाई ज्या दिवसांत होते ते दिवस. बाहेर आल्यावर सिस्टर त्याला म्हणाल्या, “कशाला एवढं खरं बोललास? सुटला असतास की.”

“सुटलो असतो, बाई. पर तुमी कुबडीवर हाय.”

रिक्षापर्यंत सिस्टर त्याचा हात धरून गेल्या.

नवं सर्कल महिन्याभरात झालं. मधलं बेट लहान, भोवती बुटका दगडी पट्टा. रस्त्याच्या तोंडाशी आडवी घालायची बेटं बांधून व्हायची होती, म्हणून तात्पुरती डांबराची रिकामी पिंपं ठेवली. सुरू करायच्या दिवशी मला धाकधूक होती. ट्रॅक्टरवाल्यांना तीन महिने उलट जायची सवय लागलेली. पट्ट्यावर चाक चढवायला ते घाबरणार, हे उघड होतं.

सकाळी सात वाजता नाक्यावर गेलो तर भूपालअण्णा तिथं आधीच उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. लायसन्स नव्हतं, काम नव्हतं. शिरोळहून एसटीनं आला होता.

पहिली डबल ट्रॉली आली. ड्रायव्हर सवयीनं उजवीकडं वळू लागला. भूपालअण्णा त्याच्या पुढं जाऊन उभा राहिला.

“पावणं, हिकडनं. डावा धर. आनखी धर, पायरीला चिकटू दे. भिऊ नगंस. आता उजवा सोड, हळू. मागं बघ, फुडं बघू नगंस, फुडं म्या हाय.” आणि तो ट्रॅक्टरसमोर उलट्या पावलांनी चालत, हातानं खुणा करत, त्याला पूर्ण वळसा घालून घेऊन गेला. मागचं चाक पट्ट्यावर हळूच चढलं, वरचा ऊस जरासा डुलला आणि चाक खाली उतरलं. पानपट्टीवाल्यासकट सगळा नाका बघत होता.

आठ दिवस तो रोज आला. येणारा प्रत्येक डबल ट्रॉलीवाला त्यानं स्वतः फिरवून दिला. ज्यांना दुसऱ्यांदा जमलं नाही त्यांना दुसऱ्यांदा. सावलीला बसायला सांगितलं तर बसायचा नाही. मगदूम त्याच्यासाठी चहा आणायचे, तो एका हातात चहा आणि दुसऱ्या हातानं खुणा. एकदा कांबळे सिस्टर रिक्षानं तिथून जाताना थांबल्या, पाच मिनिटं नुसत्या बघत बसल्या आणि गेल्या.

चौथ्या दिवशी एक सरकारी जीप पिंपांच्या फटीतून उलट्या बाजूनं घुसू लागली. भूपालअण्णा आडवा झाला. ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला. मी लांबून ओळखलं, जीप आमच्याच खात्याची होती, आणि आत निंबाळकर साहेब होते.

“सायेब, वळसा,” भूपालअण्णा म्हणाला. एवढंच.

साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं, मला पाहिलं, पिंपं पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “घे की मागं. बघतोस काय?” जीप मागं गेली आणि पूर्ण वळसा घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती फट बंद करायचा आदेश लेखी आला.

त्या हंगामात तिथं एकही ट्रॉली कलंडली नाही. काठाचे दगडही फुटले नाहीत. ट्रॅक्टरवाले आठ दिवसांत सुधारले. मोटरसायकलवाल्यांना सहा महिने लागले, तेही बेटं पक्की बांधल्यावर. चारचाकीवाल्यांबद्दल मी काही लिहीत नाही. सिस्टर उन्हाळ्यात पुन्हा लुनावर बसल्या. भूपालअण्णाचं लायसन्स परत मिळालं. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका मालकानं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. नाक्यावर त्याला ट्रॅक्टर फिरवून देताना त्या मालकानं बघितलं होतं.

त्यानंतर नोकरीत मी आणखी अकरा सर्कलं केली. प्रत्येक वेळी पेन्सिल उचलायच्या आधी त्या जागी दिवसभर उभा राहिलो आणि एकच विचारलं, इथून सगळ्यात लांब गाडी कुठली जाते, आणि ती चालवतं कोण? उलट्या बाजूनं जाणाऱ्या दहा माणसांतली नऊ नुसती घाईत असतात. दहावा आपली चूक दाखवत असतो. अडचण एवढीच, की ऑफिसच्या खिडकीतून दहाही सारखेच दिसतात.